अंगावरची ऊ

माणसाच्या रक्तावर जगणारा बिनपंखी कीटक. डोक्यातल्या उवेची ही जवळची बहीण. लांबी साधारण 2 ते 4 मिलिमीटर. मात्र हिचा मुक्काम कपड्यांत असतो. सदऱ्याच्या काखेतली शिवण उलटी करून पाहिली किंवा लेंग्याचा नेफा उसवला, की धाग्यांना चिकटलेल्या लिखा दिसतात. त्या 6 ते 9 दिवसांत फुटतात. ऊ रक्त प्यायला दिवसातून काही वेळा कातडीवर येते आणि परत शिवणीत जाते. रक्त मिळाले नाही तर आठवडाभरात मरते. तापलेले किंवा निवलेले शरीर तिला मानवत नाही, म्हणून आजाऱ्याला सोडून ती शेजारच्या माणसाच्या कपड्यांत शिरते. साथ वाढते ती यामुळे.

हिच्यामुळे साथीचा टायफस (अंगावर पुरळ उठवणारा जोराचा ताप), खंदकज्वर (पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांना येणारा ताप) आणि उलटून येणारा आवर्ती ज्वर हे तीन रोग पसरतात. यांत नुसत्या चाव्याचा वाटा फारसा नाही. पहिल्या दोन रोगांचे जंतू उवेच्या विष्ठेत असतात आणि खाजवल्याने ओरखड्यांतून आत जातात. आवर्ती ज्वराचे जंतू ऊ चिरडल्यावर बाहेर पडतात. ऊ नखावर टचकन मारायची आपल्याकडची सवय इथे अंगाशी येते.

टायफसमागे ऊ आहे, हे शार्ल निकोल या फ्रेंच डॉक्टरांनी 1909 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिसला दाखवून दिले. रुग्णाला अंघोळ घालून, कपडे बदलून वॉर्डात घेतले की पुढे लागण होत नाही, हे त्यांनी हेरले होते. 1928 चे नोबेल त्यांना याच कामासाठी मिळाले. याच रोगाचा अभ्यास करताना रिकेट्स (1910) आणि प्रोवाझेक (1915) हे संशोधक दगावले. टायफसच्या जंतूला, रिकेट्सिया प्रोवाझेकीला, दोघांचीही नावे आहेत.

नाव सारखे वाटले तरी टायफॉइड दूषित अन्नपाण्यातून होतो, त्याचा इथे संबंध नाही. स्क्रब टायफसही वेगळा. तो गवत-झुडपांतल्या बारीक किड्यांच्या पिल्लांपासून होतो. म्हणून कोल्हापूरकडच्या शेतकऱ्याला ताप आला, अंगावर काळी खपली दिसली, तर डॉक्टर आधी शेत-बांधाची चौकशी करतात.

कपडे धुवायला पाणी आणि बदलायला जोड नसेल तिथे ऊ टिकते. उसाच्या फडाजवळच्या कोप्या किंवा 2019 आणि 2021 च्या पंचगंगेच्या पुरासारख्या वेळची, एकाच वाकळेत चौघे झोपवणारी छावणी यांत तसा धोका असतो. त्यात राहणाऱ्यांच्या स्वच्छतेला नावे ठेवून काही साधत नाही. गरम पाणी आणि कपड्यांचा दुसरा जोड मिळायला हवा. टायफसवर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चांगले लागू पडते. उवांसाठी अंघोळ करून धुतलेले कपडे घालावेत आणि उतरवलेले कपडे, वाकळा कढत पाण्यात धुवाव्यात. शिवणींवरून गरम इस्त्री फिरवली तरी लिखा मरतात. धुता न येणारे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून दोन आठवडे बाजूला ठेवतात.