गॅझेटिअर, पाडा आणि कादंबरी

नाशिक शहरात वाढलेला लेखक पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर कादंबरी बेततो, तेव्हा जिल्हा एकच असला तरी मुलूख त्याला परका असतो. कोकणा, महादेव कोळी, वारली या आदिवासी जमातींच्या घरात त्याचा कधी वावर झालेला नसतो. मग तो वाचनालय गाठतो आणि तिथे बहुधा त्याच्या हाती लागतं ते १८८३चं नाशिक गॅझेटिअर, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमालेतला हा सोळावा खंड जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली तयार झाला. कोणत्या जमातीचे लोक कसे राहतात, काय पिकवतात, लग्न कसं लावतात, असं कथेला लागणारं पुष्कळ काही त्यात सापडतं. ही माहिती मोलाची आहेच. पण ती गोळा झाली सारा वसूल करणाऱ्या, जंगल ताब्यात ठेवणाऱ्या आणि बंदोबस्त राखणाऱ्या सरकारसाठी. याच सरकारने १८७१मध्ये काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवता येईल असा कायदा केला होता; त्यांच्यावरचा तो शिक्का पुसायला १९५२ साल उजाडावं लागलं. त्या काळच्या सरकारी लिखाणात अख्खी जमात एका वाक्यात आळशी, चोरटी किंवा भोळी ठरून जाते ती या नजरेमुळे. आजचा लेखक तिथून तपशील उचलतो, त्याबरोबर विशेषणंही येतात. परक्या समाजावरच्या आपल्या बऱ्याच कथा इथेच घसरतात, असं माझं ठाम मत आहे.

कचेरीतून दिसणारा मुलूख कथेत उतरण्याची रीत गॅझेटिअरहूनही जुनी. मुंबई इलाख्यात नोकरी केलेल्या विल्यम हॉकले या इंग्रज अधिकाऱ्याची ‘पांडुरंग हरी’ १८२६मध्ये प्रसिद्ध झाली. नायक मराठी आणि निवेदनही त्याच्याच तोंडी. दख्खनमध्ये आयुष्याची कित्येक वर्षं काढलेल्या मीडोज टेलर या इंग्रज लेखकाची ठगावरची कादंबरी १८३९ची. तिच्यातला ठग आपली हकिकत सांगतो खरा, पण एका साहेबासमोर, कैदी म्हणून. उलट टोकाला इंग्रज रहस्यकथाकार एच. आर. एफ. कीटिंग. भारत न पाहताच त्यांनी १९६४मध्ये मुंबईचा इन्स्पेक्टर घोटे उभा केला. इथे पाऊल ठेवलं ते सुमारे दहा वर्षांनी.

मधल्या काळात मानववंशशास्त्राची रीत बदलली होती. पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रिआंड बेटांवर तंबू ठोकून राहिले, तिथली भाषा शिकले आणि सणासमारंभांइतकीच रोजच्या साध्या व्यवहारांचीही नोंद ठेवू लागले. १९२२मध्ये त्यांचं पुस्तक आलं. कथालेखकाने त्यांच्याकडून घ्यावी ती ही रोजच्या दिवसाची नोंद.

आपल्याकडे मोठा पालट झाला तो ज्यांच्यावर लिहिलं जात होतं तेच लिहू लागले तेव्हा. नाशिकजवळच्या विहितगावात जन्मलेल्या दलित लेखक बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३चा. वस्तीतलं जगणं आतून कसं दिसतं ते त्यानंतर बाहेरच्या लेखकाला डोळ्याआड करता येईना.

पाड्यावरच्या कथेत हटकून येतो तो मार्गशीर्षातला डोंगऱ्यादेव, डोंगरदेवाचा आदिवासी व्रतोत्सव. पावरी हे फुंकवाद्य वाजतं, माऊल्या म्हणजे व्रत धरलेली माणसं नाचतात, वाचक हरखतो. पण भात, नागली, वरई आवरली की सुरगाणा-पेठची कितीतरी कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं), थिनिंग (घडातले मणी विरळ करणं), पुढे काढणी. मार्गशीर्ष नेमका या हंगामात येतो. व्रत धरलेल्या माणसाने मुकादमाकडून घेतलेली उचल फिटलेली नसताना पाड्यावर परतायचं कसं? त्याचा बुडालेला रोज कोण भरून काढतं? बायको मागे बागेवरच थांबते का? कादंबरी इथे सुरू होते, आणि १८८३च्या खंडात यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही.

त्यासाठी बागेवरच्या टोळीसोबत दुपारची भाकरी खायला बसावं लागतं, तेही पुन्हा पुन्हा, एका हंगामात भागत नाही. शिवाय आज याच पाड्यांवरची मुलं-मुली नाशिकला कॉलेजात शिकतात. लिहून झालेला खर्डा छापण्याआधी त्यांच्यापैकी दोघा-तिघांना रीतसर मानधन देऊन वाचायला द्यावा, आणि त्यांनी खोडलेलं खोडलेलंच ठेवावं.