ओलं बी, सुकं बी: पेरणीपूर्वी एवढं वाचा

पार्सलमध्ये दोन तऱ्हेची पाकिटं आहेत. ज्यावर हिरवी पट्टी आहे ते आधी उघडा, आजच उघडा आणि जमलं तर आजच पेरा. पिवळ्या पट्टीच्या पाकिटांबद्दलचं रात्री निवांत वाचलंत तरी चालेल.

हिरव्या पट्टीत ओलं बी असतं: जांभूळ, फणस, रातांबा (कोकम), करवंद, मोह, रायवळ आंबा. या झाडांची फळं उन्हाळ्याच्या शेवटी किंवा मृगाच्या आगेमागे पिकून खाली पडतात आणि पाठोपाठ पाऊस येतो. या बियांना थांबून राहायची सवयच नाही. त्या वाळल्या की मेल्या. भात, नाचणी, वाल यांचं बी आपण उन्हात खडखडीत वाळवतो, राख लावून कणगीत ठेवतो. त्या धान्याला ते योग्यच आहे. आम्हीही सुरुवातीला जांभळाच्या बिया तशाच वाळवून डब्यात भरल्या आणि दिवाळीनंतर पेरल्या. एकही उगवली नाही. जांभळाचं बी गर धुऊन पंधरा दिवसांच्या आत मातीत गेलंच पाहिजे. म्हणून थंडीत कुणी कितीही आग्रह केला तरी आम्ही जांभळाचं बी देत नाही.

हे बी ओलसर नारळाच्या भुशात बांधून येतं. वाटेत त्याला मोड आला असेल तर घाबरू नका, बी खराब झालेलं नाही. मोडाचं टोक खाली करून हलक्या हाताने लावा. फणसाची आठळी आडवी ठेवा. वर बीच्या जाडीइतकीच माती पुरे. पिशव्यांवर बारीक तारेची जाळी नक्की टाका, कारण आठळ्यांचा वास उंदरांना लांबून येतो.

जांभळाच्या एका बीतून दोन, तीन, कधी त्याहून जास्त कोंब निघतात. तो त्या झाडाचा गुणच आहे. चार पानं होईपर्यंत सगळे राहू द्या, मग सर्वांत जोमदार कोंब ठेवून बाकीचे कात्रीने जमिनीलगत कापा. उपटू नका, मुळं एकमेकांत गुंतलेली असतात.

रातांब्याबद्दल मात्र पैसे देण्याआधीच सांगायला हवं. कोकमात नर झाड वेगळं, मादी वेगळं. बीपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि कुठलं काय हे फुलावर येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षं, कळत नाही. अंगणात एकच झाड लावायचं असेल तर बी घेऊ नका. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या ‘कोकण अमृता’ जातीचं कलम घ्या. ते आमच्याकडे नाही, पण तुमचं सहा वर्षांनी होणारं नुकसान वाचेल. बांधावर आठ-दहा झाडं लावणाऱ्यांना मात्र आम्ही बीच सुचवतो. नर झाडांपैकी एखाद-दुसरं परागासाठी राखायचं, उरलेल्यांवर मादी झाडाच्या काड्यांचं कलम करता येतं. रातांबा रुजायला वेळ लावतो. महिनाभर काही दिसलं नाही म्हणून माती उकरून बघू नका.

पिवळ्या पट्टीत सुकं बी आहे. ते जिवंत असतं, पण कवचात बंद. चारोळीचं कवच दोन फाकांचं असतं. शिवणीवर बी उभं धरून लहान हातोडीने अगदी हलकं ठोका. फट पडली की थांबा. आतला दाणा ठेचला तर तो कुजतो. मग रात्रभर पाण्यात भिजवून पेरा. चारोळीचं सोटमूळ फार लवकर खोल जातं, म्हणून जिथे झाड हवं तिथेच बी टोकलं तर उत्तम, नाहीतर निदान फूटभर खोल पिशवी घ्या. वाण्याकडची सोललेली चारोळी पेरून बघितली, असं पुष्कळ ग्राहक सांगतात. ती खिरीसाठी असते, रुजण्यासाठी नाही.

बोराच्या आठ्या पेरण्याआधी मिठाच्या पाण्यात टाका: लिटरभर पाण्याला सुमारे 170 ग्रॅम मीठ. तरंगतील त्या पोकळ, बुडतील त्या साध्या पाण्याने धुऊन घ्या. अख्खी आठी रुजायला तीन-चार आठवडे घेते. फोडून काढलेला दाणा आठवड्याभरात वर येतो. आवळ्याची आठी आम्ही उन्हात तडकवून आतलं बीच पाठवतो.

कर्टोली (कुणी कंटोळी म्हणतं, मालवणात आणि गोव्यात फागलां) हे आमचं सर्वांत आवडतं आणि सर्वांत जास्त तक्रारी येणारं बी. ताजं बी काही महिने झोपलेलंच असतं, म्हणून आम्ही आदल्या पावसाळ्याचं बी वळवाच्या सुमारास पाठवतो. टरफलाची कड नखकात्रीने जराशी कापा, दिवसभर भिजवा, मग पेरा. यातही नर-मादी वेल वेगळे. निदान आठ-दहा बिया लावा, आठ-दहा मादी वेलांना एक नर पुरतो. फुलामागे बारीक काटेरी फळ दिसलं तर ती मादी. फुलं संध्याकाळी उमलतात. फळ धरत नसेल तर त्याच वेळी नर फूल खुडून मादीच्या फुलावर फिरवा. थंडीत वेल वाळून गेला तरी वाफा खणू नका. खाली कंद जिवंत असतो, पहिल्या पावसाला तो पुन्हा फुटतो आणि त्या वर्षी नर कुठला, मादी कुठली हे तुम्हाला आधीच माहीत असतं.

पिशवीत दोन वाटे माती, एक वाटा जुनं शेणखत, एक वाटा वाळू. ताजं शेण नको. तळाला भोकं हवीत. झाडांची रोपं पुढच्या पावसाळ्यात जमिनीत लावा.

बीपासून आलेलं झाड आईसारखंच फळ देईल असं वचन आम्ही देत नाही. रायवळ आंब्याच्या दहा कोयींतून दहा चवींचे आंबे निघू शकतात. ज्याला ठरलेली चव हवी त्याने कलम घ्यावं.

बी आम्ही शेताच्या बांधावरून, मालकाला विचारून आणि मोबदला देऊन गोळा करतो. देवराईतलं काहीही उचलत नाही. झाडाखालची निम्मी फळं पाखरांना आणि जनावरांना राहतात, त्यामुळे कधीकधी तुमच्या मागणीपेक्षा कमी बी येतं. तेव्हा उरलेले पैसे परत करतो.

ओल्या बियांची मागणी अक्षय्य तृतीयेपर्यंत नोंदवा. करवंद, रातांबा आणि फणस मे महिन्यात निघतात, जांभूळ वटपौर्णिमेच्या आसपास, मोहाचं बी त्यानंतर. पार्सल येईल त्या दिवशी घरी कुणी नसेल तर आधी कळवा, आम्ही दोन दिवस उशिरा पाठवू.