हॉटेलखोल्यांची ऑनलाइन बोली

उच्च श्रेणीच्या हॉटेलांतील रिकाम्या राहण्याचा संभव असलेल्या खोल्यांसाठी ग्राहकाने इंटरनेटवर स्वतः किंमत सुचवून त्या सवलतीत मिळविण्याची पद्धत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ती रूढ झाली. प्राइसलाइन या कंपनीची ‘नेम युअर ओन प्राइस’ (आपली किंमत आपणच सांगा) ही सेवा तिचे सर्वांत परिचित रूप होते आणि प्रस्तुत नोंदीत मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

हॉटेलची खोली हा नाशवंत माल आहे. एखाद्या रात्री ती विकली गेली नाही, तर त्या रात्रीचे उत्पन्न कायमचे बुडते. उलट आयत्या वेळी आलेल्या पाहुण्यावर होणारा जादा खर्च साफसफाई, वीज यांपुरताच असतो. त्यामुळे छापील दराच्या निम्म्यानेही खोली देणे परवडते. मात्र ही सवलत उघडपणे जाहीर केली, की पूर्ण दर देणारा ग्राहकही तिची वाट पाहू लागतो आणि हॉटेलच्या नावाची प्रतिष्ठा उतरते. आलिशान हॉटेलांना ही भीती अधिक. यावरचा तोडगा म्हणजे पैसे भरून होईपर्यंत हॉटेलचे नाव झाकून ठेवणे. या पद्धतीचा खरा कणा हाच आहे.

उगम : या कल्पनेचे जनकत्व वादग्रस्त आहे. प्राइसलाइनचे संस्थापक जे वॉकर यांच्या संस्थेकडून आलेल्या अर्जावर ११ ऑगस्ट १९९८ रोजी अमेरिकी एकस्व (पेटंट) क्र. ५७९४२०७ देण्यात आले. ग्राहकाने पुढे केलेला, सशर्त पण स्वतःवर बंधनकारक असा खरेदीप्रस्ताव विक्रेत्यांपर्यंत पोहोचविणारी संगणकीय यंत्रणा हा त्याचा विषय. वॉकर यांच्यासह सांकेतिक लेखनाचे तज्ज्ञ ब्रूस श्नायर व जेम्स जोराश यांची नावे त्यावर संशोधक म्हणून आहेत. सेवा स्वतः त्याआधीच, एप्रिल १९९८ मध्ये, विमानतिकिटांपासून सुरू झाली होती. हॉटेलखोल्यांची भर त्याच वर्षाच्या उत्तरार्धात पडली.

जानेवारी १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातील मार्केटेल इंटरनॅशनल या कंपनीने दावा दाखल केला. ग्राहकाने भाव सांगण्याची प्रवासविक्री आपण १९९० च्या आसपास आखली होती, काही काळ फॅक्सद्वारे चालविलीही होती आणि तिची व्यापारी गुपिते वॉकर यांच्या वर्तुळात गेली, असे तिचे म्हणणे होते. त्याच सुमारास टॉमस वूल्स्टन या दुसऱ्या संशोधकाने एकस्व कार्यालयाकडे आपल्या अर्जाच्या अग्रक्रमाचा प्रश्न उपस्थित केला. मार्केटेलचा एकस्वावरील संशोधकत्वाचा दावा न्यायालयात टिकला नाही. तथापि त्या मुद्द्यापुरता न्यायालयासमोरचा प्रश्न एकस्वावर कोणाचे नाव असावे एवढाच होता. कल्पना प्रथम कोणाला सुचली, याचा निवाडा त्यातून होत नाही. किमतीची घासाघीस फार जुनी असून वॉकर यांचे श्रेय ती बंधनकारक प्रस्ताव, क्रेडिट कार्डाची हमी आणि झाकलेले नाव यांत बसविण्याचे आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ऑक्टोबर १९९९ मध्ये प्राइसलाइनने याच एकस्वाच्या आधारे मायक्रोसॉफ्ट व एक्सपीडिया हे प्रवाससंकेतस्थळ यांच्याविरुद्ध दावा लावला. तो २००१ च्या आरंभी तडजोडीने मिटला.

कार्यपद्धती : ग्राहक शहर, त्यातील विभाग, तारखा व तारांकित दर्जा निवडत असे, किंमत सांगत असे आणि क्रेडिट कार्डाचा तपशील देत असे. हॉटेलांनी आपले किमान दर आधीच यंत्रणेत नोंदविलेले असत. बोली त्यांतील एखाद्या दरापेक्षा पुरेशी वर असली, तर ती स्वीकारली जाई, रक्कम लगेच वसूल होई आणि मगच हॉटेलचे नाव कळे. रद्द करणे किंवा परतावा मागणे सहसा शक्य नसे. बोली व नोंदविलेला दर यांतील फरक मध्यस्थाकडे म्हणजे प्राइसलाइनकडे राही.

बोली फेटाळली गेल्यास तीच मागणी वाढीव किमतीने लगेच करता येत नसे. ठरावीक काळ थांबावे लागे किंवा विभाग, दर्जा, तारीख यांपैकी काही बदलावे लागे. जाणकार ग्राहकांनी यातूनच वाट काढली. उदा., क या विभागात पंचतारांकित खोली हवी आहे आणि ख, ग, घ या विभागांत त्या दर्जाचे एकही हॉटेल नाही. पहिली बोली फक्त क साठी लावायची; ती फेटाळल्यावर किंमत थोडी वाढवून ख जोडायचा, मग ग, मग घ. मागणी दर वेळी बदललेली दिसते, पण खोली मिळाली तर ती क मध्येच मिळणार. अशा रीतीने एकाच दिवसात एकाऐवजी चार बोली लावता येत. स्कॉट फे या अभ्यासकाने २००४ मध्ये या प्रकाराचे गणिती विश्लेषण केले. आडमार्गाची ही सोय मोजक्यांनाच असेल, तर ती रोखण्यापेक्षा फेरबोली सर्वांना खुली करणे विक्रेत्याच्या हिताचे ठरू शकते, असा त्यांचा निष्कर्ष होता. फेरबोलीचा त्रास हाही ग्राहकाला सोसावा लागणारा खर्च आहे, हे हान व तेर्वीश या अभ्यासकांनी त्यापूर्वी, २००३ मध्ये दाखविले होते.

स्वरूप : वृत्तपत्रांनी या पद्धतीला ‘उलटा लिलाव’ म्हटले. पण उलट्या लिलावात विक्रेते एकमेकांवर मात करीत भाव खाली आणतात. येथे ते बोली पाहतही नसत आणि ग्राहकांचीही आपसांत चढाओढ नसे; प्रत्येकाची बोली एका गुप्त किमान किमतीशी ताडून पाहिली जाई. म्हणून अलीकडचे अभ्यासक तिला लिलावापासून वेगळी मानतात.

करविषयक वाद : निवासकर ग्राहकाने दिलेल्या रकमेवर की हॉटेलला मिळालेल्या रकमेवर, यावरून अमेरिकेतील अनेक शहरांनी प्रवाससंकेतस्थळांवर दावे लावले. सॅन डिएगोच्या प्रकरणात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये संकेतस्थळांच्या बाजूने निकाल दिला. अन्य राज्यांतील निकाल एकसारखे नाहीत. बोलीत न धरलेले, हॉटेलात पोहोचल्यावर आकारले जाणारे ‘रिसॉर्ट शुल्क’ हीदेखील जुनी तक्रार होती. सक्तीची शुल्के जाहिरातीतील एकूण किमतीत दाखविण्याचे बंधन अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाच्या नियमाने १२ मे २०२५ पासून घातले.

उत्तरकाल : २००० साली स्थापन झालेल्या हॉटवायर या प्रवाससंकेतस्थळाने नाव झाकले, पण भाव स्वतःच जाहीर केला. प्राइसलाइननेही २०१२ मध्ये ‘एक्सप्रेस डील्स’ या नावाने तोच मार्ग धरला. विमानतिकिटांची बोली २०१६ मध्ये बंद झाली. हॉटेलांची त्यानंतर काही वर्षांनी, बहुधा २०२० च्या सुमारास. बोली गेली, झाकलेले नाव मात्र टिकले. यावरून ग्राहकाने भाव सांगणे हे या व्यवहाराचे दर्शनी अंग होते, असे म्हणता येते.

बोलीचा उपयोग आता मुख्यतः आधीच आरक्षित केलेल्या साध्या खोलीऐवजी वरच्या दर्जाची खोली मिळविण्यासाठी होतो. प्लसग्रेडसारख्या कंपन्यांच्या यंत्रणा त्यासाठी वापरल्या जातात. तेथे हॉटेलचे नाव झाकावे लागत नाही, कारण मूळ आरक्षण आधीच झालेले असते.