मौन म्हणजे संमती? छे, बऱ्याचदा उलटंच

परवा ऑफिसच्या कॉलवर मी विचारलं, "शुक्रवारपर्यंत टेस्टिंग होईल ना?" कोणीच काही बोललं नाही. मी म्हटलं चला, मौनं संमतिलक्षणम्, आणि स्क्रीन शेअर करून पुढच्या मुद्द्यावर गेलो. शुक्रवारी अर्थातच काही झालेलं नव्हतं.

मग जरा वाचायला बसलो. २००९ मध्ये भाषा-संशोधक तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी दहा भाषांमधले (मराठी त्यात नाही, काय करणार) हो-नाहीवाले प्रश्न तपासले. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू व्हायला सरासरी साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. जपानी सगळ्यात फास्ट, ७, आणि डॅनिश सगळ्यात सावकाश, ४६९.

आता गंमत बघा. चित्र दाखवून नुसतं "सफरचंद" म्हणायला सांगितलं तरी ६०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, कारण शब्द शोधायचा, त्यातले आवाज जुळवायचे, जीभ-ओठ हलवायचे. मग २०० मध्ये उत्तर येतं कसं? तर आपण प्रश्न संपायची वाटच बघत नाही, अर्ध्यातच अंदाज बांधतो, उत्तर तयार ठेवतो आणि समोरचा थांबतोय असं वाटलं की बोलून टाकतो. "शुक्रवारपर्यंत टेस्टिंग" एवढं ऐकलं तेव्हाच पोरांचं उत्तर तयार असणार, "होईल ना" यायच्या आधीच. जपानीतही आपल्यासारखं क्रियापद शेवटी येतं, तरी तेच सगळ्यात फास्ट!

आणि होकार साधारणपणे पटकन येतो, नकार रेंगाळत, सोबत "अं... म्हणजे... बघू" घेऊन. स्थळाकडून "कळवतो" आलं की घरी सगळ्यांना कळतंच की. संभाषणाच्या अभ्यासक गेल जेफरसन यांनी दाखवलं की गप्पांमधली अशी शांतता साधारण सेकंदभर टिकते, मग कोणीतरी ती मोडतंच, बऱ्याचदा विचारणाराच, "की सोमवार धरूया?" आणि लगेच, "हो हो, सोमवार डन."

म्हणून "गप्प माणसाचं मन ओळखा" टाइप रील्स बघून माणसं पारखायला जाऊ नका, हे सगळं सरासरीचं गणित आहे, एका शांततेवरून काही सिद्ध होत नाही, नेट स्लो असेल, माणूस म्यूटवर असेल.

म्यूटचं कारण मी स्वतःलाही देऊन बघितलं. पण त्यानंतर लगेच मी "स्क्रीन दिसतेय ना?" विचारलं होतं, आणि तिघं एकदम म्हणाले होते, "हो, दिसतेय दिसतेय."