शिकार (वन्य प्राण्यांची)

एका प्राण्याने दुसऱ्या प्राण्याला खाण्यासाठी पकडून मारणे म्हणजे शिकार. मारणारा तो शिकारी किंवा भक्षक, आणि ज्याच्यावर झडप पडते ते सावज किंवा भक्ष्य. माणूस बंदूक घेऊन करत असे ती शिकार वेगळी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने तिच्यावर बंदी आली आणि या नोंदीत ती येत नाही.

नागपूरला व्याघ्र राजधानी म्हणतात. उत्तरेला पेंच, आग्नेयेला उमरेड-कऱ्हांडला, दक्षिणेला ताडोबा-अंधारी, नैर्ऋत्येला बोर, पूर्वेला नवेगाव-नागझिरा अशी वाघांची जंगले शहराभोवती पसरलेली आहेत. त्यामुळे इथे शिकार म्हटले की आधी वाघच आठवतो. पण शहरातल्या अंबाझरी तलावाच्या काठावर, देवळाच्या ओट्याखालच्या धुळीत आणि घरातल्या ट्यूबलाइटमागे पाल दडलेली असते तिथेही हेच काम रोज चालू असते. शिकारी केवढाही असो, त्याच्यापुढचा प्रश्न एकच: आपल्यातले आणि सावजातले अंतर, सावजाला सुगावा न लागता, कमी कसे करायचे?

वाघ हे अंतर दबा धरून कापतो. अंगाने जड असल्यामुळे लांब पाठलाग त्याला झेपत नाही. चितळ एकदा उधळले की संपले. म्हणून तो गवताच्या, बांबूच्या आडोशाने पोट जमिनीला टेकवत सरकतो, चितळाने मान वर केली की थिजतो आणि अगदी जवळ आल्यावरच उसळी घेतो. त्याचा भडक नारिंगी रंग आपल्याला लांबून दिसतो, हरणाला दिसत नाही. हरणांच्या डोळ्यांना लाल-नारिंगी आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. त्यांच्या लेखी वाघ गवताच्याच रंगाचा असतो आणि पट्टे त्याच्या अंगाचा आकार मोडून टाकतात. मोठ्या सावजाचा तो गळा धरतो. श्वासनलिका दाबली जाते आणि धडपड थांबेपर्यंत पकड सुटत नाही. लहान सावज मानेच्या मागे चावून मारले जाते.

एवढी तयारी असूनही बहुतेक प्रयत्न फसतात. दहा-वीस प्रयत्नांत एखादाच साधतो, असा सर्वसाधारण अंदाज आहे. आठवड्याला साधारण एक मोठे सावज मिळाले तर वाघाचे भागते. उन्हाळ्यात पेंचच्या सागवनात उभे राहिले की यातली अडचण कानांनाच कळते. जमिनीवर पडलेली सागाची पाने पापडासारखी वाजतात. त्यांच्यावरून एक मुंगूस गेले तरी मान वळते. त्यात झाडावर वानर बसलेले असते. त्याने खाकरल्यासारखा आवाज काढला, की खाली चितळ शेपटी उभारून, पाय आपटून तीच खबर पुढे पाठवते. गाईड याला ‘कॉल’ म्हणतात. कॉल सुरू झाला की आपण दिसलो हे वाघाला समजते, आणि पुष्कळदा तो सरळ उठून चालू लागतो.

रानकुत्र्यांची, म्हणजे कोळसुनांची, रीत याच्या अगदी उलट. ती लपत नाहीत. कळपाने दिवसाउजेडी निघतात, शीळ घालून एकमेकांशी संपर्क ठेवतात आणि सावजाला दमवतात. एक कुत्रा जेमतेम पंधरा-वीस किलोंचा, पण कळप सांबरालाही लोळवतो. गळा आवळून मारण्याइतका जबडा नसल्याने ती मागून, पोटाकडून तोडतात आणि सावज जिवंत असतानाच खायला लागतात. यामुळे त्यांना क्रूर ठरवले गेले. इंग्रज अमलात त्यांना मारण्यासाठी बक्षिसे दिली जात. हा त्यांच्यावर मोठा अन्याय होता. आज रानकुत्रा जगभरात संकटग्रस्त आहे आणि मध्य भारतातली जंगले हा त्याच्या मोजक्या भक्कम आधारांपैकी एक आहे.

पाण्याकाठी बगळ्याने ‘बकध्यान’ हा शब्दच भाषेला दिला. तो वाट पाहून मासा टिपतो. लहान बगळा मात्र कधी कधी पाय हलवून गाळातले जीव हुसकतो. कवड्या खंड्या हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि सरळ खाली सूर मारतो. पाण्यात मासा असतो तिथे दिसत नाही, प्रकाश वाकतो. तो हिशेब पक्ष्याला जमलेला असतो. गव्हाणी घुबडाचे दोन कान वेगवेगळ्या उंचीवर असतात, म्हणून मिट्ट काळोखातही ते उंदराची खुडबुड नेमकी कुठे आहे ते ओळखते. त्याच्या पंखांची कड कंगव्यासारखी असल्याने उडण्याचा आवाज होत नाही.

घोणस दंश करून उंदराला सोडून देते आणि मग जीभ लवलवत त्याच्या वासामागे सावकाश जाते. अजगराकडे विष नाही. तो विळखा आवळतो, त्याने श्वास कोंडतो असे समजले जाई. प्रत्यक्षात रक्ताभिसरण थांबून सावज लवकर मरते.

सर्वांत सुंदर सापळा मात्र नखाएवढ्या किड्याचा आहे. पाऊस न लागणाऱ्या ओट्याखाली, बारीक धुळीत, उलट्या शंकूसारखे छोटे खड्डे दिसतात. ते अँट-लायन या कीटकाच्या अळीचे. ती उलटी चालत, गोल फिरत, डोक्याने माती उडवत खड्डा खणते. उतार असा ठेवते की कण जरासा धक्का लागताच घसरावा. मग तळाशी जबडे तेवढे बाहेर ठेवून बसते. मुंगी काठावर आली की पाय घसरतो. ती वर चढू लागली तर खालून मातीचा मारा होतो आणि पायाखालचा उतार पुन्हा ढासळतो. पोकळ जबड्यांनी रस शोषून झाला की अळी मुंगीचे कवच खड्ड्याबाहेर भिरकावते. अशा खड्ड्याशेजारी अर्धा तास उकिडवे बसले तर वाघ न दिसल्याची हळहळ उरत नाही.

दबा धरणाऱ्या प्राण्याची ही रीत विदर्भात लोकांच्या जिवाशी जोडलेली आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला बाया-माणसे जंगलात जातात. खाली वाकलेला माणूस वाघाला चारपायी सावजासारखा दिसू शकतो, आणि वाघ बहुधा मागून येतो. सुंदरबनात १९८०च्या दशकात लोकांनी डोक्यामागे मुखवटे बांधून पाहिले, ते याच कारणाने. इथल्या गावांना म्हणून सांगितले जाते की एकट्याने जाऊ नका, गटाने जा, वाकण्याआधी आजूबाजूला पाहा आणि मोठ्याने बोलत राहा. पाहिले गेलो असे कळले की दबा धरून बसलेला वाघ बहुतेक वेळा माघार घेतो, चितळाच्या कॉलनंतर घेतो तशीच.