ऑनलाइन पैसे गेले? खान्देशातल्या माणसानं तक्रार कुठे, कशी आणि कोणत्या कागदांसह करायची

खात्यातून पैसे कटल्याचा मेसेज आला की आपल्याकडे पहिला फोन जातो पुण्याला किंवा सुरतला नोकरी करणाऱ्या पोराला. ‘तो रविवारी येईल, मग बघू’ असं ठरतं. तोवर पैसे तीन-चार खात्यांतून फिरून कुठल्या तरी एटीएममधून निघून गेलेले असतात. पोराला जरूर सांगा, पण १९३० या हेल्पलाइनला फोन लावल्यानंतर. या कामात जे काही हाती लागतं ते बहुतेक पहिल्या एक-दोन तासांतच लागतं.

१९३० वर नेमकं काय होतं

हा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. आपल्याकडून लावलेला फोन महाराष्ट्रातच घेतला जातो, मराठीत बोलता येतं. तुम्ही सांगितलेला व्यवहार तिथला कर्मचारी संगणकावर नोंदवतो आणि ती नोंद ज्या बँकेत पैसे गेले त्या बँकेपर्यंत पोहोचते. पैसे अजून तिथेच असतील तर बँक ते रोखून धरते, म्हणजे होल्ड लावते. पुढच्या खात्यात गेले असतील तर नोंदही पुढच्या बँकेकडे सरकते. चोराचे पैसे आणि तुमची नोंद यांची ही शर्यत असते. तुम्ही घालवलेला प्रत्येक तास चोराच्या पथ्यावर पडतो.

फोन घरातल्या कुणीही लावला तरी चालतो, पण खातेदार शेजारी हवा. फोनवर विचारतात ते एवढंच: खातं कोणत्या बँकेत, किती रक्कम, किती वाजता गेली आणि यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक. हा १२ अंकी नंबर यूपीआय ॲपच्या हिस्टरीत त्या व्यवहारावर बोट ठेवलं की खाली दिसतो. बँकेच्या मेसेजमध्येही ‘रेफ नंबर’ म्हणून असतो. तेवढा कागदावर उतरवून मगच फोन लावा, नाहीतर शोधाशोधीत वेळ जातो. लाइन व्यस्त लागली तर पुन्हा लावत राहा आणि दुसऱ्या फोनवरून सरकारचं सायबर तक्रार पोर्टल उघडा, पत्ता खाली दिलाय.

फोन झाल्यावर मेसेजने पोचक्रमांक येतो. तो जपून ठेवा, पुढे बँक, पोलीस आणि न्यायालय तिन्ही ठिकाणी तोच विचारतात. आणि २४ तासांच्या आत पोर्टलवर पूर्ण तक्रार भरा.

तक्रार कोण करू शकतो

ज्याचे पैसे गेले तो कुणीही. रकमेला खालची मर्यादा नाही, पाचशे रुपये गेले तरी नोंद होते. फी एक पैसाही नाही. स्वतः ओटीपी सांगितला असला तरी तक्रार करता येते, आणि हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. ‘चूक आपलीच, आता कोणत्या तोंडानं जायचं’ म्हणून कितीतरी माणसं गप्प बसतात. कायद्याच्या नजरेत फसवणारा गुन्हेगार आहे, फसलेला नाही. घरच्यांनीही त्या वेळी बोलणी लावू नयेत. ज्या घरात आधी रागावतात, त्या घरात पुढच्या वेळी कुणी सांगतच नाही.

पोर्टलवरचा फॉर्म आणि कागदपत्रं

पत्ता: सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन. शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे का ते नीट वाचा, त्यासारख्याच नावाच्या बनावट साइट फिरत असतात. आर्थिक फसवणुकीचा पर्याय निवडला की मोबाईल नंबर आणि ओटीपीने लॉगिन होतं. सीएससी म्हणजे सरकारी ऑनलाइन सेवा केंद्रावर भरत असाल तर ओटीपी स्वतःच्या हाताने टाका.

सोबत लागतं ते असं: आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, लायसन्स किंवा पासपोर्ट यांपैकी एकाचा फोटो (५ एमबीच्या आत), बँकेचं स्टेटमेंट किंवा पासबुकाचं ते पान, पैसे कटल्याच्या मेसेजचे स्क्रीनशॉट आणि चोराशी झालेलं चॅट. पुराव्याची प्रत्येक फाईल १० एमबीच्या आत हवी. समोरच्याचा नंबर, यूपीआय आयडी, लिंक, खाते क्रमांक, जे हाती असेल ते द्या, नसेल तर अडत नाही. राज्य आणि जिल्हा स्वतःच्या राहत्या ठिकाणचा निवडा. सुरतहून मुलगा भरत असेल तरी वडील शहाद्याला राहत असतील तर महाराष्ट्र आणि नंदुरबारच.

बहुतेकांची अडचण घटनेच्या वर्णनाशी होते. किमान २०० अक्षरं लागतात आणि विशेष चिन्हं चालत नाहीत, त्यामुळे रुपयाचं चिन्हही टाळा. रडगाणं नको, क्रम हवा. आधी कागदावर असं काहीसं मांडून घ्या:

‘मी रावेर तालुक्यात राहतो. ३ तारखेला दुपारी साडेतीनला अनोळखी नंबरवरून व्हॉट्सॲपवर पीएम किसान नावाची फाईल आली. ती उघडल्यावर मोबाईलमध्ये ॲप बसले. ५ वाजून १० मिनिटांनी माझ्या बचत खात्यातून दोन व्यवहारांत ४८ हजार ५०० रुपये गेले. मी कुणालाही ओटीपी दिला नाही. साडेपाचला १९३० वर फोन केला.’

कोणत्या मार्गाने फसवलं, किती वाजता, किती पैसे, तुम्ही काय केलं, एवढं त्यात आलं की पुरे.

बँकेला लेखी कळवा, त्याच दिवशी

१९३० ला सांगितलं म्हणजे बँकेला सांगितलं असं होत नाही. बँकेच्या टोल फ्री नंबरवर कार्ड, यूपीआय आणि नेट बँकिंग बंद करायला सांगा आणि शाखेत लेखी अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. ‘साहेब जेवायला गेलेत, उद्या या’ असं ऐकून परत फिरू नका.

या शिक्क्याला मोठी किंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाने नियम घालून दिला. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसरीकडेच गडबड झाली, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त १०,००० रुपये आणि मूलभूत (झिरो बॅलन्सच्या) बचत खात्यावर ५,००० रुपयांपर्यंतचा भार तुमच्यावर येतो. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. तुम्ही स्वतः ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर एक रुपया जरी गेला तरी तो बँकेने सोसायचा. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचं ओझंही बँकेवरच आहे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा तक्रार फेटाळली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी नंबर १४४४८.

पोलीस ठाणं

पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांना सायबर पोलीस ठाणं आहे. पण अक्कलकुव्याहून नंदुरबारला किंवा चोपड्याहून जळगावला जायला वेळ लागणार असेल तर जवळच्या कुठल्याही ठाण्यात जा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचं कारण सांगून दखलपात्र गुन्ह्याची माहिती नाकारता येत नाही. तरीही नाकारली तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा. एफआयआरची प्रत मोफत मिळते, मागून घ्या.

होल्ड झालेली रक्कम आपोआप खात्यात येईल म्हणून बसून राहू नका. ती सोडवण्यासाठी न्यायालयाचा आदेश लागू शकतो. किती रक्कम कोणत्या बँकेत थांबली आहे हे तपास अधिकाऱ्याकडून लिहून घ्या, मग अर्जाला दिशा मिळते.

पैसे गेले नाहीत, पण खातंच अडकलं

ही अडचण शेतकऱ्यांच्या आणि दुकानदारांच्या वाट्याला येते. समजा, रावेर-यावलची केळी दिल्लीकडे गेली आणि व्यापाऱ्याने पैसे टाकले. त्या पैशांत कुठल्या तरी फसवणुकीची रक्कम मिसळलेली निघाली की शेतकऱ्याच्या खात्यावर होल्ड लागतो. अशा वेळी बँकेकडून दोन गोष्टी लेखी मागा: तक्रारीचा पोचक्रमांक, आणि होल्ड कोणत्या राज्यातल्या कोणत्या ठाण्याच्या सांगण्यावरून लागला. मग त्या ठाण्याला ईमेलने काटा पावती, विक्रीचं बिल, ट्रकची बिल्टी, सातबारा आणि व्यापाऱ्याशी झालेलं चॅट पाठवा आणि फक्त वादातली रक्कम रोखून बाकी खातं मोकळं करण्याची विनंती करा. चांगल्या भावाच्या आमिषानं कुणाचेही पैसे स्वतःच्या खात्यातून फिरवू नका. कमिशनवर खातं भाड्यानं देणाऱ्या तरण्या पोरांवर थेट गुन्हे दाखल होतात.

फोनमध्ये एपीके बसली असेल तर

लग्नपत्रिका, वाहन चलान, पीएम किसान, सौर कृषिपंप, लाडकी बहीण केवायसी अशा नावांनी येणारी एपीके फाईल, म्हणजे मोबाईलमध्ये ॲप बसवणारी फाईल, उघडली असेल तर आधी मोबाईल डेटा आणि वायफाय बंद करा आणि १९३० दुसऱ्या फोनवरून लावा. घाबरून फोन रिसेट करू नका, आधी चॅट आणि त्या ॲपचे स्क्रीनशॉट दुसऱ्या फोनने काढून ठेवा. कॉल दुसरीकडे वळवलेले असू शकतात, ते ##००२# डायल करून रद्द होतात.

अंगठा लावून पैसे काढणाऱ्यांनी आणखी एक करावं. आधारचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या साइटवरून किंवा आधारच्या ॲपमधून लॉक ठेवता येतं आणि गरजेपुरतं उघडता येतं. अंगठ्याच्या फसवणुकीत ओटीपी येतच नाही, म्हणून पासबुक महिन्याकाठी भरून घ्या.

तक्रार केल्यावर काही दिवसांनी ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सुटलेत, प्रोसेसिंगचे दोन हजार टाका’ असा फोन येऊ शकतो. पैसे परत मिळवून देण्यासाठी कोणतंही पोलीस ठाणं यूपीआयवर पैसे मागत नाही. तो नंबर जुन्याच पोचक्रमांकासह तपास अधिकाऱ्याला कळवा.