कोलेस्टेरॉल पेशीतच अडकतं तेव्हा

तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल-फ्री' असं ठळक छापलेलं असतं. शेंगदाणा असो की करडई, वनस्पतींच्या तेलात नाव घेण्याइतकं कोलेस्टेरॉल नसतंच. मिठाच्या पुड्यावर 'साखर नाही' लिहावं तसं हे. पण त्यामुळे कोलेस्टेरॉल म्हणजे विष, हे आपल्या डोक्यात घट्ट बसलंय. खरं तर ते आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आवरणाला लागतं. पेशीत येऊनही ते कामी आलं नाही तर काय होतं, हे 'नीमन-पिक सी' या आनुवंशिक आजारात दिसतं. लाखभर बाळांत एखाद्याला होणारा हा आजार.

रक्तातून आलेलं एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून आणणारे कण, पेशीतल्या लायसोसोम नावाच्या पिशवीत फोडलं जातं. सुटं झालेलं कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, मग ते बाहेर पडणार कसं? एनपीसी-2 हे प्रथिन त्याची शेपटी आपल्या खोबणीत धरतं आणि डोकं मोकळं ठेवतं. पिशवीच्या भिंतीतलं एनपीसी-1 नेमकं तेच डोकं पकडतं. कोयता देताना आपण पातं आपल्याकडे ठेवून मूठ समोरच्यापुढे करतो ना, अगदी तसं! पाण्याचा फारसा स्पर्श न होता रेणू हातोहात जातो. यातलं एक प्रथिन बिघडलं की कोलेस्टेरॉल पिशवीतच साचतं. सुमारे 95 टक्के रुग्णांत दोष एनपीसी-1 च्या जनुकात असतो. तो आई आणि वडील दोघांकडूनही यावा लागतो.

याची चाल मोठी फसवी. कुणाला जन्मताच लांबलेली कावीळ आणि वाढलेली प्लीहा, मग काही वर्षं सगळं ठीक. शाळेत अक्षर बिघडतं, तोल जातो, नजर झटकन वर-खाली वळत नाही. काही मुलं खळखळून हसली की अंगातला जोर जाऊन कोसळतात. अशा वेळी दृष्ट काढण्यात वर्ष घालवू नये, मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्यावं. कुणाला पहिलं लक्षणच तिशीत दिसतं.

म्हणून 2006 पासून अमेरिकेत बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत या रुग्णांची नुसती वाटचाल नोंदली जातेय. औषधाची चाचणी नाही. रुग्ण पुन्हा पुन्हा तपासायचे आणि गुण लिहायचे. चालणं, बोलणं, गिळणं, नजर, स्मृती असे 9 मुख्य मुद्दे, 8 दुय्यम. काम कंटाळवाणं वाटेल, पण 2018 चा अनुभव पाहा. सायक्लोडेक्स्ट्रिन या साखरेच्या कड्यासारख्या रेणूची या आजारावरचं औषध म्हणून वर्षभराची चाचणी झाली. औषध मिळालेल्यांत आणि न मिळालेल्यांत ठोस फरक दिसला नाही, कारण न मिळालेल्यांचीही घसरण अपेक्षेइतकी झाली नाही. इतक्या संथ आजाराला एक वर्ष पुरत नाही, आणि किती पुरेल हे फक्त जुन्या वह्याच सांगू शकतात.

2024 मध्ये अमेरिकेत या आजारासाठी दोन औषधांना मान्यता मिळाली. त्यातल्या अरिमोक्लोमॉलचा परिणाम मोजला गेला तो चालणं, बोलणं, गिळणं आणि बोटांची बारीक हालचाल, या चार मुद्द्यांच्या गुणांवर.